बोटभर वर, तिरका काप

भाऊबीज सरली, पावणेरावळे आपापल्या वाटेनं गेले, आणि धुरपदाने परसातल्या चारही गुलाबांची छाटणी केली. दरसालची रीतच होती ती. वाळकी काडी मुळातून, हिरवी काडी फुटीच्या डोळ्याच्या बोटभर वर, काप तिरका, म्हणजे दव त्यावर थांबत नाही आणि काडी कुजत नाही. वरून शेणाचा बोळा. कापलेल्या फांद्या पाटीत भरल्या आणि तिने हाक मारली, "आवं, पाटी उचला. काटं हायती, बेतानं."

मच्छिंद्रआप्पांनी पाटी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. त्यांना बरं वाटलं. यंदा पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवून धुरपदा म्हणाली, "भाऊबीज झाली न्हवं? गुलाब छाटायचा राहिलाय. कात्री कुठं ठेवलीया?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"काल छाटला की, धुरपे."

"काल? काल तर मी माहेरी हुते."

तिच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. आप्पांनी कात्री काढून दिली. तिने कालच्या कापाच्या खाली बोटभर जागा सोडून नवा काप घेतला. तितकाच तिरका, तितकाच देखणा. आणि हाक मारली, "आवं, पाटी उचला."

मार्गशीर्ष उजाडेपर्यंत त्या गुलाबांची अकरा वेळा छाटणी झाली.

भांडगावात हायवेच्या अंगाला आप्पांचं तीन खोल्यांचं घर. मागे अडीच गुंठ्यांचं परस. आप्पांची तीस वर्षं कंपनीत बॉयलरपुढे गेली, तीन पाळ्यांत. परस सगळं धुरपदाचं. थंडीतली कामं तर तिला देवाच्या वारांसारखी पाठ. लसणाच्या पाकळ्या शेंडा वर करून लावायच्या. मेथीचा वाफा दर आठवड्याला नवा टाकायचा. मिरचीच्या रोपांवर रात्री गोणपाट घालायचं आणि ऊन आलं की काढायचं. पावट्यावर मावा दिसला की चुलीतली राख चाळून भुरभुरायची. मोगऱ्याचं पाणी पौषात तोडायचं, त्याची पानं गळू द्यायची, त्याची दया करायची नाही. आणि हात चालू असताना तोंडाने ओव्या. त्यातली गुलाबाची ओवी तिने स्वतः जुळवलेली होती, जात्यावर बसणाऱ्या कुणा म्हातारीची उसनी घेतलेली नव्हती:

छाटिते गुलाब, काप तिरका काढिते
जुनं दुखनं गं बाई, मातीमंदी गाडिते

आप्पा रात्रपाळी करून आले की पडल्या पडल्या मागच्या खिडकीतून ती ओवी ऐकत झोपी जात. तीस वर्षं ऐकली. कधी तिला म्हणाले मात्र नाहीत की, बाई, गळा गोड आहे तुझा.

मागल्या पावसाळ्यात तिने दोनदा भाजीला मीठ घातलं, मग घालायचंच विसरली, मग एक दिवस दुधाला गेलेली बाई यवतच्या रस्त्याला लागलेली सापडली. दौंडच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि आप्पांना खुर्ची देऊन सांगितलं, "हे वाढतच जाणार. गोळ्यांनी थोडं लांबेल. हाताला सवयीचं काम असेल ते करू द्या. हाताचं सगळ्यात शेवटी जातं."

ते खरं निघालं. घरात बसली की ती आप्पांना ओळखत नसे. पदर सावरून म्हणायची, "पावणं, बसा की. कुणाकडं आलाय?" त्याच बाईच्या हातात कात्री किंवा खुरपं आलं, पायाखाली ओली माती आली, की तोंडातून आपोआप "आवं" निघायचं. "आवं, तिकडनं राख आणा." "आवं, नुसतं हुबं काय ऱ्हायलाय खांबावानी?" चाळीस वर्षं ज्या टोमण्यांचा राग आला, त्यांच्यासाठी आप्पा आता सकाळ होण्याची वाट बघत.

अकराव्या छाटणीनंतर गुलाब गुडघ्याएवढे राहिले. आप्पांनी कात्री ज्वारीच्या कणगीमागे लपवली.

तीन दिवस. पहिल्या दिवशी तिने घरभर कात्री शोधली. दुसऱ्या दिवशी मागच्या उंबऱ्यात बसून राहिली, हात मांडीवर, बोटं आपली हवेत उघडझाप करतायत. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून आप्पांपुढे उभी राहिली.

"पावणं, मला आमच्या घरी सोडता का? मालक वाट बघत असतील. कामावरनं येत्यात, भुकेजलेलं असत्यात."

त्या संध्याकाळी हडपसरहून सत्यजीतचा फोन आला. पोरगा वाईट नव्हता, सूनही नव्हती. "आप्पा, आईला इकडं आणा. अनुपमा पण तेच म्हणते. इथं चांगल्या संस्था आहेत, दिवसभर सांभाळतात."

"कितव्या मजल्यावर ऱ्हाता तुम्ही?"

"सातव्या. का?"

"तिथं माती कुठली, बाळा."

फोन ठेवून आप्पांनी कात्री बाहेर काढली.

पण गुलाबही वाचायला हवे होते. विचार करता करता त्यांना पावट्याच्या मांडवावरची लाल चिंधी दिसली. धुरपदाची ती जुनी रीत. पहिल्या बहरातली टपोरी शेंग बियाला धरायची आणि तिच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या शेंगेला कुणी हात लावायचा नाही, घरात भाजी नसली तरी नाही. लहानपणी सत्यजीतने एकदा तशी शेंग तोडून खाल्ली, तर तिने त्याला दिवसभर घरात घेतलं नव्हतं.

आप्पांनी जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि गुलाबाच्या काडी-काडीला बांधल्या.

सकाळी धुरपदा कात्री घेऊन गेली, गुलाबापुढे थबकली. चिंधीला बोट लावलं. "हे बियाला धरलंय," असं स्वतःशीच म्हणाली आणि मागे फिरली. आप्पांना हसू फुटलं. त्यांनी मग मेथीच्या वाफ्याला काठ्या रोवून चिंध्या बांधल्या, कारण ती उगवलेल्या मेथीवर पुन्हा वाफा टाकत होती. लसणाला बांधल्या, कारण ती पाकळ्या उकरून पुन्हा लावत होती. आठ दिवसांत परस सगळं लाल झालं. झाडं वाचली. गुलाबांना बारीक तांबूस फुटवे आले.

आणि धुरपदाला हात लावायला काही उरलं नाही. ती कात्री घेऊन या चिंधीपासून त्या चिंधीपर्यंत जाई, आणि शेवटी उंबऱ्यात येऊन बसे. कात्री हातातून गळून पडे.

"पावणं, कुणाकडं आलाय?"

आठवा दिवस गेला, नववा गेला. परसात फुटवे वाढत होते आणि घरात आप्पा पाहुणे होऊन बसले होते. दहाव्या दिवशी पहाटे, दव पडलेलं असताना, त्यांनी उठून एकेक गाठ सोडली. थंडीने बोटं वळत नव्हती. काही गाठी दातांनी सोडल्या. शेवटी मांडवाखाली आले. ती बियाची चिंधी तिने स्वतःच्या हाताने बांधलेली होती, दिवाळीत, जवा तिला ठावं होतं तवा. ती त्यांनी राहू दिली.

चार दिवसांत गुलाबाचे फुटवे गेले, मग काड्या गेल्या, मग मातीच्या वर चार बोटं खुंट उरले आणि ते काळे पडले. पाचव्या दिवशी धुरपदाने पावट्याचा वेल बुडातून कापला. चिंधी बांधलेली शेंग वेलाबरोबर पाटीत आली. आप्पांनी शेंग सोलून पाहिली. दाणे हिरवे, पाण्याने भरलेले. ते रुजण्यातले नव्हते. तिच्या आईच्या घरून आलेला तो पावटा होता.

"आवं, पाटी उचला," धुरपदा म्हणाली. "काय बघत बसलाय?"

आप्पांनी पाटी उचलली. त्यांना ओळखलं गेलं होतं, आणि त्याची ही एवढी किंमत झाली होती.

हायवेला सुभानभाईची रोपवाटिका. कुंड्यांतले शेकडो गुलाब तो थंडीभर थोडे थोडे छाटत असे. कापलेल्या काड्यांचा ढीग मागे पडलेला असायचा, जाळायला. आप्पा दुसऱ्या दिवशी तिथे गेले.

"सुभानभाई, ह्या काड्या नेऊ का?"

"न्या की, आप्पा. पर लावायच्या आसल्या तर काय कामाच्या न्हाईत. जून हायती, दोन-दोन दिस उन्हात पडलेल्या. मुळी धरायच्या न्हाईत. थांबा, चार चांगली कलमं देतो. भाभीच्या नावानं. पैशाचं बोलायचं न्हाई."

"कलमं नको."

"का?"

"ती जगत्याल. मग तिच्या हातनं मरत्याल." आप्पांनी मान वर केली नाही. "मेलेलीच दे."

सुभानभाई ढिगाकडे वळला. त्याने गोणपाट अंथरलं, काड्या वेचून एकसारख्या लावल्या, आणि मोळी बांधून आप्पांच्या सायकलला अडकवली. पुढं रोज सकाळी मोळी बांधून तयार असे. कधी त्याची लेक शहजादी सोबत कागदात दोन खजूर बांधून देई.

तर असं चाललं. रोज पहाटे, धुरपदा झोपेत असताना, आप्पा परसात मेलेल्या काड्या रोवत. चार आळी, आळ्यात सात-आठ काड्या, जरा वाकड्यातिकड्या, झाडासारख्या. वर पाणी शिंपडत, दव वाटावं म्हणून. ऊन आलं की धुरपदा कात्री घेऊन येई, काड्या न्याहाळी, डोळा शोधी, बोटभर वर, तिरका काप.

"माघात बघा कसा फुलतोय," म्हणे.

"व्हय."

"तुमी नुसतं व्हय म्हणता. पाटी कोण उचलणार?"

आप्पा पाटी उचलत. संध्याकाळी उरलेले खुंट उपटत, पहाटे नव्या काड्या रोवत. शेजारच्या कस्तुराबाईने कुंपणावरून एकदा पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. गावात बोलणं झालं असेलच. मच्छिंद्रला बी लागण झाली, असं कुणी म्हणालं असेल. आप्पांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एक गोष्ट फक्त त्यांनी कुणाला सांगितली नाही. न्हाणीच्या मोरीजवळ एक काडी उपटायची राहून गेली होती. तिथे सतत ओल. पौष सरता सरता तिला एक फुटवा आला. तांबूस, उंदराच्या कानाएवढा. सुभानभाई म्हणाला होता मुळी धरायची नाही, आणि हिने धरली. आप्पा तोंड धुवायला तिकडेच जात, तिला आडोसा करून उभे राहत. फुटव्याला पान आलं. मग दुसरं. चिंधी बांधावी असं मनात येई, पण चिंध्यांची त्यांना आता भीती बसली होती. वर एक फुटकं मडकं तिरपं करून ठेवलं, एवढंच.

माघाच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, आप्पा चुलीपुढे चहा गाळत होते. मागून कात्रीचा आवाज आला, रोजच्यापेक्षा जवळून. ते बाहेर आले. धुरपदा मोरीजवळ उकिडवी बसली होती. मडकं बाजूला काढून ठेवलेलं, नीट, उपडं.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांना वाटलं, कापू दे. डोळ्याच्या वर कापेल ती, फुटवा राहील, उलट जोम धरेल. आजवर तिचा काप चुकला नव्हता. मेलेल्या काडीवरसुद्धा चुकला नव्हता. तिला सगळं विसरू दे, हात जाणतो.

धुरपदाने फुटव्याला दोन बोटांत धरलं. ओवी सुरू केली:

"छाटिते गुलाब, काप तिरका काढिते..."

आणि कात्री फुटव्याच्या खाली लावली. आडवा काप, दोरा कापावा तसा. पानासकट फुटवा तिच्या तळहातावर पडला. तिने तो पाहिला, आणि त्याचं काय करायचं ते न कळून मातीवर ठेवला.

ओवीची दुसरी ओळ तिला येईना. ओठ हलत राहिले. "काढिते... काढिते..."

"जुनं दुखनं गं बाई, मातीमंदी गाडिते," आप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. गळ्याला सूर नव्हता, जाडाभरडा आवाज, तरी शब्द सगळे जागेवर होते.

धुरपदाने चमकून वर पाहिलं. कात्री तिच्या हातात होती. पाय ओल्या मातीत होते.

"पावणं," ती म्हणाली, "ही ओवी तर माझी हाय. मी रचलेली. तुमास्नी कुणी सांगितली?"

आप्पांना खाली बसावंसं वाटलं. ते उभे राहिले.

"ऐकली व्हती. एका बाईकडनं."

"कोन बाई?"

"लांबची हाय. तीस वरसं ऐकली, बाई. लई ग्वाड गळा व्हता तिचा."

"मग सांगायचं की तिला." ती हसली, अगदी पूर्वीसारखी, ओठाच्या एका कडेने. "आमचं मालक बी तसंच. पडल्या पडल्या ऐकत्यात, आन् झोपल्याचं सोंग घेत्यात. मला कळत न्हाई व्हय!"

ऊन मांडवाच्या रिकाम्या तारांवरून खाली आलं. हायवेवरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. धुरपदाने काड्या गोळा केल्या, पाटीत भरल्या, वर तो फुटवाही ठेवला, आणि कमरेवर हात ठेवून घराच्या दिशेने बघत राहिली.

"पाटी उचलायला सांगितली हुती मालकाला. कुठं गेलं काय की." मग आप्पांकडे वळून, परक्या माणसाला काम सांगताना होतो तसा संकोच करत, "पावणं, तुमी तेवढी उचलता का? काटं हायती. बेतानं."

आप्पांनी पाटी उचलली.