एका वेळी एकच काम

टायपिंगच्या दुकानात काकांचा नियम कडक होता: प्रिंटर चालू असताना कीबोर्डला हात लावायचा नाही. जुना कॉम्प्युटर एका वेळी एकच काम करायचा, मधे डिवचलं की अडून बसायचा. काकाही तसेच. घरी हातात काही असताना काकू बोलायला लागल्या, की यांचं ठरलेलं, "थांब, आधी हे होऊ दे."

नवा कॉम्प्युटर आला आणि दुकानात मदतीला येणाऱ्या पुतणीने कहरच केला. लग्नपत्रिका छापायला लावून ती खुशाल शोकसंदेश टाइप करायला बसली!

"अगं, नवरीचं नाव मयताच्या जागी जाईल!" काकांचा जीव टांगणीला लागला. पत्रिका बाहेर आल्या, तशी त्यांनी डोळ्यांत तेल घालून एकेक वाचली. शोकाचा एक शब्दही इकडे आला नव्हता.

"कमाल आहे बुवा!" ते स्क्रीनपुढे तोंडात बोट घालून उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते. काकूंनी काहीतरी सांगायला घेतलं आणि सवयीने मधेच थांबल्या.

"बोल ना," हात न थांबवता काका म्हणाले, "ऐकतोय मी."

काकूंच्या हातातला कप हातातच राहिला.

"थांबा," त्या कशाबशा म्हणाल्या, "आधी बसू द्या मला."