लाल सॉकेटमधला हीटर

लॉग पुसायला एक ओळ पुरते. पेरिझातने ती ओळ टाइप करून पाच मिनिटं झाली होती. बोट एंटरवर टेकलेलं होतं, पण दाबलं जात नव्हतं.

सर्व्हरच्या पोटात एक छोटा पहारेकरी संगणक असतो. मोठं यंत्र मेलं तरी तो जागा राहतो आणि कधी काय झालं ते लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, मिनिटासकट टिपून ठेवतो. त्याने नऊ दिवसांपूर्वीच्या चार नोंदी टिपल्या होत्या. दहा बारा, दुसरी वायर निर्जीव. दहा चाळीस, इशारा डावलून अपडेट सुरू. दहा सत्तेचाळीस, वीज पूर्ण गेली. दहा बावन्न, दुसरी वायर पुन्हा जिवंत. नारीन या डोंगरातल्या गावाच्या छोट्याशा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये या ओळी वाचता येणारं माणूस एकच, लॅबचे संगणक सांभाळणारी पेरिझात स्वतः. पुसल्या तर काळं कुत्रंही विचारणार नव्हतं.

पण खाई त्याला खवखवे. नऊ दिवस तिच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

झालं होतं ते असं. नारीनचा जानेवारी, बाहेर उणे सव्वीस, आणि सर्व्हरच्या खोलीत यंत्रं तापू नयेत म्हणून खोली उबवणारे गरम पाण्याचे नळ बंद. यंत्रांची सोय झाली, माणसाचे पाय गोठले. तोक्तोमुश आबा, म्हणजे लॅबचे इलेक्ट्रिशियन, बासष्ट वर्षांचे, एकदा तिला टेबलाखाली पाय चोळताना बघून म्हणाले होते, "अगं पोरी, हे पाय आहेत की बर्फातून काढलेलं मटण?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरचा जुना हीटर आणला, त्याची कॉइल स्वतः बदलली आणि टेबलाखाली ठेवून दिला.

"पण एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "याला पांढऱ्या सॉकेटमध्येच लावायचं. लाल सॉकेट यंत्रांचं. त्यामागे यूपीएसच्या बॅटऱ्या आहेत. लाईट गेली की त्या पंधरा मिनिटं यंत्रांना जगवतात, तेवढ्यात मी जनरेटर चालू करतो. हा तुझा राक्षस लाल सॉकेटला लावलास तर सगळ्यांच्या ताटातलं एकटा खाऊन टाकील."

"कळलं आबा, लहान आहे का मी?"

"लहान असतीस तर ऐकलं असतंस."

आणि नेमकं तसंच झालं. पांढरं सॉकेट दाराजवळ, हीटरची वायर आखूड. लाल सॉकेटं सगळी भरलेली. त्या सकाळी पायांना अगदीच मुंग्या आल्या, तशी पेरिझातने मुख्य सर्व्हरची एक वायर काढली आणि तिथे हीटर खोचला. सर्व्हरला दोन वायरी असतात, एक गेली तरी दुसरीवर चालतो. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग चालत्या सर्व्हरचं फर्मवेअर बदलायला बसली. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्राम. सकाळी उठल्यावर आपण यंत्र आहोत एवढं तरी यंत्राला त्याच्यामुळे कळतं. तो बदलताना मध्येच वीज गेली की यंत्र जुनं विसरलेलं आणि नवं न शिकलेलं, नुसता दगड होऊन बसतं. म्हणून भिंतीवर पेरिझातच्याच अक्षरात कागद डकवलेला होता: माहितीची प्रत काढा. फाइल खरी आहे का तपासा. आधी राखीव सर्व्हर, आठवड्याने मुख्य. दोन्ही वायरी जिवंत हव्यात. जनरेटर चालू करून मगच सुरुवात करा. पहिल्या तीन गोष्टी तिने डोळ्यांत तेल घालून केल्या होत्या. राखीव सर्व्हर आठवडाभर मस्त चालत होता.

जनरेटरसाठी मात्र आबांना हाक मारावी लागली असती. ते नेहमीप्रमाणे खोलीत येऊन "किती वेळ हवाय?" विचारणार, आणि त्यांची नजर लाल सॉकेटवर जाणार. बोलणी खायला नकोत, एवढ्याचसाठी तिने हाक मारली नाही. बघा, केवढीशी गोष्ट!

कमांड दिली. यंत्राने उत्तर दिलं, दोनपैकी एकाच वायरीत वीज आहे, अपडेट थांबवलं आहे, तरीही करायचंच असेल तर कमांडला जबरदस्तीचा शब्द जोडा. यंत्र बिचारं आणखी काय सांगणार? पेरिझातने शब्द जोडला. आकडा चढू लागला, वीस टक्के, चाळीस, पंचावन्न. एकसष्टवर लाईट गेली.

पंधरा मिनिटं टिकणाऱ्या बॅटऱ्या अडीच मिनिटांत कोलमडल्या. खाली अंगणात आबांनी थंडीने आखडलेला जनरेटर पाच मिनिटांत सुरू केला, नेहमीसारखाच. वीज आली, पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. आणि तेव्हा पेरिझातने सगळ्यांत आधी काय केलं? हीटरचा प्लग उपटला, सर्व्हरची वायर जागच्या जागी लावली, आणि मग ओरडत बाहेर धावली.

दुपारी चहाच्या टेबलाभोवती सगळे जमले. डायरेक्टर दामिरा असानोव्ना वाईट बाई नव्हती, पण दीडशे लोकांचे रिपोर्ट हाताने लिहावे लागणार म्हणून तिचं डोकं फिरलं होतं.

"बॅटऱ्या पंधरा मिनिटं टिकतात असं तुम्हीच लिहून दिलंय ना, आबा?"

"हो, बाई. सोमवारीच मोजल्यात."

"मग अडीच मिनिटांत गेल्या कशा? खरंच मोजल्यात की नुसती सही ठोकलीत?"

आबांचं तोंड उतरलं. त्यांनी टेबलावरच्या नानवर उजवा तळवा ठेवला. "मोजल्यात. खोटं बोलत असेन तर हा नान मला मारो."

नानची शपथ म्हणजे आईच्या शपथेहून भारी; ती खोटी निघाली तर नान माणसाला सोडत नाही, हे तिथे प्रत्येकाने दुधाबरोबर प्यायलेलं. पेरिझात समोरच बसली होती. तिच्या वाटीशेजारी त्याच नानचा तुकडा होता. तिने तो चहात बुडवला आणि खाल्ला. का खाल्ला, देव जाणे. हाताला काहीतरी काम हवं होतं.

चौकशीचा कागद तिलाच लिहायला सांगितला. तिने लिहिलं: राखीव बॅटऱ्या अपेक्षित वेळ टिकल्या नाहीत. वाक्य शंभर टक्के खरं होतं, म्हणून बाईंसह तिघांनी खाली सह्याही केल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते पेरिझातने त्या दिवशी आपल्याच हाताने शिकून घेतलं.

पुढे तर आणखीच लाज आली. बर्फाने घाट दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी राजधानी बिश्केकहून चिपला लावायचा चिमटा आला. पेरिझातने तो चिपला लावून जुना प्रोग्राम पुन्हा भरला आणि यंत्र उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामिरा असानोव्ना म्हणाली, "सोन्याचे हात आहेत गं तुझे!" त्याच संध्याकाळी बाईंनी आबांना बोलावलं आणि महिनाअखेरीस घरी बसायला सांगितलं. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

आबा भांडले नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टेबलावर बसायचेच बंद झाले. आणि सहाव्या दिवशी लॅबच्या पायरीवर बर्फावरून घसरले. उजवं मनगट मोडलं, नानवर ठेवलेलं तेच. प्लास्टर घालून झाल्यावर पेरिझातने खाली बसून त्यांच्या बुटांचे बंद बांधले. ते तिच्या डोक्यावरून हळूच म्हणाले, "बघितलंस? मारलं नानने." तिने गाठ जरा जास्तच घट्ट आवळली.

तर आज नवव्या दिवशी यंत्र पूर्ण कामाला लावायचं होतं, आणि त्याआधी लॉग पुसायचा ही कामाची शेवटची पायरी. पेरिझातने टाइप केलेली ओळ एकेक अक्षर करत मागे पुसली. लॉग नाही, ओळच पुसली. चार नोंदी छापल्या, कागदाची घडी करून कोटाच्या खिशात घातली. लगेच शूर झाली असं समजू नका. पाचावर धारण बसली होती. खिशात कागद आहे, दाखवायचा की नाही ते बघू, एवढंच तिचं ठरलं होतं.

तिने किलोभर साखर आणि चहाचा पुडा घेतला आणि तीन वाजता आबांचं दार वाजवलं. त्यांच्या बायकोने, सगळ्यांच्या बातमा एजेने म्हणजे बातमाताईने, दार उघडलं. "ये गं बाई, ये. सकाळपासून खिडकीशी बसलेत, जरा बोल त्यांच्याशी."

आबा टेबलाशी होते, गळ्यात हात अडकवलेला. छताचा दिवा बंद होता.

"दिवा का नाही लावलात, आबा?"

"बिघडलाय. शेजारच्याला सांगितलंय, येईल तो."

"शेजारच्याला? तुम्ही असताना?"

"माझ्यावर आता भरवसा नको," ते म्हणाले. "चाळीस वर्षं वीज हाताळली, पोरी. त्या सोमवारी मी मीटर लावून मोजलं, आकडा डोळ्यांनी बघितला, वहीत लिहिला. आणि बॅटऱ्या अडीच मिनिटांत गेल्या. म्हणजे मी जे बघितलं ते बघितलंच नाही. म्हातारचळ लागला. आणि त्या भ्रमात मी नानवर हात ठेवला." मग ते म्हणाले, "तुझं एवढं मेहनतीचं काम माझ्यामुळे मोडलं. मला माफ कर. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

बातमा एजेने चहा आणला, नान मोडून तिच्यासमोर ठेवला. "खा गं."

पेरिझातने तुकडा उचलला आणि परत ठेवला. मग खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला.

"आबा, बॅटऱ्या चांगल्या होत्या. हीटर लाल सॉकेटमध्ये होता. मी लावला होता. सर्व्हरची वायर काढून. यंत्राने नको म्हटलं तरी मी जबरदस्ती केली. आणि लाईट आल्यावर मी आधी वायर परत लावली, मग ओरडले. हे बघा, सगळं लिहिलंय यात."

आबांनी कागदाकडे बघितलंच नाही. "किती मिनिटं टिकल्या म्हणालीस?"

"अडीच."

"तो दीड हजार वॅटचा राक्षस ओढत?" डाव्या हाताची बोटं टेबलावर हिशेब मांडू लागली. "वर दोन सर्व्हर. आणि तरी अडीच मिनिटं!" त्यांचा आवाज चिरकला. "बातमा! ऐकलंस का? माझ्या बॅटऱ्या ठणठणीत होत्या! मी नीट मोजलं होतं. शपथ खोटी नव्हती गं, नानने नाही मारलं मला. मी नुसता घसरलो!"

ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बातमा एजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्यांचे गाल पुसत होती. पेरिझातला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडणार इतक्यात आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस, आबा."

"त्या दिवशी माझे बूट बांधलेस तू."

ती उठली. दाराशी बसून बूट चढवू लागली, बंद बोटांत अडकत होते. त्या गावात कुणाच्याही घरातून नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, दोन मिनिटांसाठी आलेला टपालवालासुद्धा नाही. बातमा एजे सवयीने नान हातात घेऊन तिच्यामागे आली.

"थांब, बातमा," आबा आतून म्हणाले.

"अहो, रिकाम्या तोंडाने कशी जाईल ती?"

"आज जाईल." ते उठून दाराशी आले आणि डाव्या हाताने कागदाची घडी तिच्या खिशात परत घातली. "आधी हा दामिरा असानोव्नांच्या टेबलावर ठेव. जे मला सांगितलंस ते त्यांना सांग, सगळ्यांसमोर. मग ये. आमच्याकडे नान रोज भाजतात."

पेरिझात रिकाम्या तोंडाने जिना उतरली. चार वाजायला आले होते, आणि बाई सहापर्यंत ऑफिसात बसतात.