हरिबाच्या नावाचा घास

चूक कुणाच्या हातून होत नाही? पण ती झाकायला मेलेल्या माणसाच्या तोंडाला दारू लावायची? आकारामनं लावली, आणि तीही हरिबाच्या!

बहात्तरच्या दुष्काळात हरिबाची मेंढरं गेली, तसा तो म्हसवडहून सांगलीला येऊन हळदीच्या पेवांवर हमाल झाला. आकाराम त्याचा मुकादम. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड फोडलं की दिवसभर उघडं ठेवायचं, मग आत कंदील सोडून बघायचा. विझला तर हवा विषारी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी ट्रक खोळंबला होता. "उतर रं गड्या, काय होत न्हाई," आकाराम म्हणाला. हरिबा उतरला, आणि वर आलं ते त्याचं मढं.

फौजदारानं विचारल्यावर आकारामची पाचावर धारण बसली. "प्याला होता सायेब. नगं म्हणताना उतरला."

हरिबानं तर सिद्धनाथापुढं आण घेऊन दारू सोडली होती. आण मोडली म्हणून देवानंच नेला, असं त्याच्या आईनं, हरणाबाईनं, मनाशी घट्ट धरलं. भाद्रपदात म्हाळाला सगळ्या पितरांच्या नावानं घास निघे, पोटच्या पोराच्या नावानं नाही. हे कळल्यापासून आकारामला झोप नव्हती. दोन वर्षं तो त्या घरी ज्वारी पोचवत होता, छप्पर शाकारून देत होता. तेवढ्यानं काय भरून येतंय, कप्पाळ!

पंचाहत्तरच्या म्हाळाला तो गेला तो थेट म्हातारीच्या पायांवर पडला. "आये, हरिबा प्याला न्हवता. म्या कंदील सोडला न्हाई. म्याच त्येला मारला. त्येचा घास काढ."

हरणाबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"किती जीव लावशील रं? माझ्या पोराचं पाप आपल्या डोक्यावर घ्याया निघालास व्हय?"

"आये, सिद्धनाथाची आण!"

"गप! आण मोडून त्येचं काय झालं, बघितलंस न्हवं? तू तरी खोटी आण खाऊ नगंस."

तो रडला, ओरडला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. म्हातारी त्याचीच समजूत घालत राहिली.

मग तिनं पितरांचे घास काढले. हरिबाचा काढला नाही. पहिलं ताट आकारामपुढं सरकवून म्हणाली, "जेव बाबा. माझ्या पोटी तुझ्यावानी निपजला असता तर..."

म्हाळाच्या ताटावरून उठणं म्हणजे त्या घरच्या पितरांना उपाशी उठवणं. आकाराम जेवला.