पॅसेजचा दिवा

बाबांना विसर पडायला लागला तेव्हा मागच्या दारावर मी एक सेन्सर बसवला; दार उघडलं की तो माझ्या फोनवर कळवतो. तो बटणाएवढ्या सेलवर चालतो, त्यामुळे त्याचा आवाज, म्हणजे वायरलेस सिग्नल, क्षीण. पुढच्या खोलीतल्या हबपर्यंत, म्हणजे फोनला निरोप देणाऱ्या डबीपर्यंत, पोचत नाही. म्हणून तो निरोप पॅसेजच्या स्मार्ट दिव्याला देतो, तो दिवा स्वयंपाकघरातल्या दिव्याला, आणि तो हबला. कानगोष्टींच्या खेळासारखं. अट एकच: भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. फोनवरून विझवलं तर प्रकाश जातो, दिवा मात्र जागा राहतो.

"विझलेला दिवा जागा असतो म्हणे!" आत्या म्हणायची. "एवढं शिकून हेच का गं?"

त्या दुपारी बाबा झोपले होते आणि मी पुढच्या खोलीत काम करत होते. फोन सांगत होता, मागचं दार बंद. मग खालची ओळ दिसली: पॅसेजचा दिवा संपर्कात नाही.

मी ताडकन उठले. ते 'बंद' आत्ताचं नव्हतंच. शेवटचा निरोप पोचला तेव्हाचं होतं.

"आत्या, पॅसेजचं बटण बंद केलंस?"

"केलं. भरदुपारी कोणाला ओवाळायचंय?"

बाबांचा पलंग रिकामा होता.

तेवढ्यात फोन थरथरला. या सगळ्या निरोप्यांच्या जाळ्याच्या नकाशावर नवा ठिपका उगवला: वर्कशॉपचा प्लग.

अंगणापलीकडे बाबांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. कुलूप लावलं की ते दारावर धडका मारायचे, म्हणून मी गोल करवतीची वायर फोनवरून बंद करता येणाऱ्या त्या प्लगमधून घेतली होती आणि भिंतीवरचं बटण बंद ठेवलं होतं. ते आता कोणीतरी दाबलं होतं. प्लगचा आवाज मोठा, खिडकीतून थेट स्वयंपाकघरातल्या दिव्यापर्यंत जाणारा. मुक्या पडलेल्या सेन्सरलाही त्याचा आधार सापडला असावा, कारण लगेच दुसरा निरोप आला.

मागचं दार उघडं.

आणि करवतीचा आवाज सुरू झाला.

पळता पळता मी फोनवर प्लग बंद केला. फोनच्या पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग आवाज उतरत गेला आणि थांबला. मी अंगणात होते. श्वास सोडला, आणि तिथेच आठवलं: वीज जाऊन परत आली की हा प्लग आपोआप चालू होतो. फोनवरून बंद केलेलं त्याच्या लक्षात राहत नाही. ते मी बदलायला हवं होतं. आणि मशीन अडलं की माणूस काय करतो? भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा दाबतो.

दारातून बाबा दिसले. एका हाताने पात्याच्या दातांतला अडकलेला भुसा काढत होते. दुसरा हात भिंतीवर होता. खट्. बटण बंद.

"बाबा, नको!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी झेप घेऊन त्यांचं पात्याजवळचं मनगट धरलं आणि मागे ओढलं. खट्.

करवत किंचाळली. आम्ही दोघे लाकडांच्या ढिगावर पडलो. त्यांची बोटं मी एकेक करून चाचपली. सगळी होती.

बाबा माझ्यावर डाफरले, "चालू मशीनपाशी असं धावत येतात? किती वेळा सांगितलंय लहानपणापासून!"

मी उठून बटण बंद केलं. बोट तिथून काढायचा धीर होईना.

घरातून आत्याची हाक आली, "लावला गं बाई तुझा दिवा! आता तरी झालं समाधान?"