राहिलेली उत्तरं

मुलीने यादीवरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि 'सगळी ब्लॉक करा' या बटणावर बोट टेकवलं. अकरा हजार आठशे चाळीस खाती. आकडा घसरू लागला तसं तिला हलकं वाटलं. वर्षभराचं पाप एकदाचं धुतलं जात होतं.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला वडील टबात वेत भिजत घालत होते. त्यांचा धंदा खुर्च्या विणण्याचा. फाटलेली बैठक कापून काढायची, चौकटीची भोकं साफ करायची आणि नवा वेत आधी उभा, मग आडवा, मग तिरपा ओवत न्यायचा. एका खुर्चीला दोन दिवस लागत. घाई केली की वेत तुटतो, आणि वडिलांनी जन्मात कधी घाई केली नव्हती.

मुलीचं काम याच्या बरोबर उलट होतं. ती लोकांच्या दुकानांची पेजेस सांभाळायची, त्यांना गर्दी जमवून द्यायची. खरी जमली तर उत्तम, नाही तर हजाराच्या भावाने विकत मिळायची. वडिलांच्या दुकानाचं पेजही तिनेच काढून दिलं होतं, आई होती तेव्हा.

आई गेली त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून वडील दुकान उघडून बराच वेळ नुसते बसून राहत. एकच गोष्ट नेमाने करत. हत्याराला हात लावण्याआधी फोनवर पेज उघडत आणि दहा मिनिटं अंगठ्याने खाली खाली जात राहत. दिवसभरात तेवढी दहा मिनिटंच त्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसे. मुलीने ते पाहिलं आणि आपल्या परीने अर्थ लावला. बाबांना माणसं हवी आहेत. मग तिने जवळजवळ बारा हजार माणसं विकत आणली. निव्वळ खोगीरभरती. आकडा दाखवला तेव्हा वडील चकित होऊन म्हणाले होते, "एवढ्या सगळ्यांकडे वेताच्या खुर्च्या आहेत?"

गेल्या आठवड्यात एक बाई सहा खुर्च्या घेऊन आल्या. वडील माप घेत होते तोवर त्यांनी पेज चाळलं.

"काका, तुमचे हे चाहते सगळे खोटे दिसतायत. काम तरी खरं करता ना?"

आणि खुर्च्या परत गाडीत घालून गेल्या. ज्या माणसाने एक सैल गाठ कधी गिऱ्हाइकाच्या माथी मारली नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

"खोटे म्हणजे काय गं?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"कचरा शिरतो बाबा कधी कधी. काढते मी."

खरं सांगायची तिची छाती झाली नाही. ऑफिसात यासाठी एक प्रोग्राम होता. चेहऱ्याचा फोटो नाही, नावामागे आकडे, स्वतःचं काही टाकलेलं नाही, वर्षभर हालचाल नाही, अशी खाती तो चाळणी लावल्यासारखी वेगळी काढायचा. आज सकाळी तिने तो पेजला लावला.

"झालं," ती म्हणाली. "आता उरलीत ती सगळी खरी माणसं."

"किती?"

"एकशे त्र्याऐंशी."

"पुष्कळ झाली की."

वडिलांनी हात पुसले, स्टुलावर बसून फोन हातात घेतला. अंगठा खाली जाऊ लागला. मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अंगठा थांबला. वर गेला, पुन्हा खाली आला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत पाहिलं.

"बाळा, जरा बघ गं. दिसेनासं झालंय."

"काय?"

"आईचं लिहिलेलं."

तिने फोन घेतला. जुन्या आरामखुर्चीचा फोटो होता. खाली कॉमेंट होत्या, पण सगळ्या वडिलांच्याच.

"हो, निघतोच."

"नाही गं, तिरपी फेरी राहिलीय अजून."

"चष्मा खिशातच आहे."

"तू जेवून घे, थांबू नकोस."

दुसऱ्याच्या कॉमेंटला जोडून उत्तर कसं द्यायचं, हे वडिलांना कधी जमलं नाही. ते आपले खाली वेगळी ओळ टाकत. म्हणून त्यांच्या ओळी राहिल्या होत्या. आईच्या तेवढ्या, ब्लॉक झालेल्या खात्याबरोबर, गेल्या होत्या.

आई घरून फोन करायचं सोडून फोटोखाली लिहायची. यांचे हात ओले असतात, फोन उचलत नाहीत, म्हणायची. मुलगी एकदा चिडली होती.

"आई, घरातलं इथे लिहायचं नसतं. गिऱ्हाइकं वाचतात."

"वाचू देत. त्यांच्याही घरी जेवण थंड होत असेल."

आईचं खातं मुलीनेच उघडून दिलं होतं. फोटो खिडकीतल्या कुंडीचा. हवं ते नाव मिळेना म्हणून पुढे चार आकडे. ती फक्त एकच पेज बघायची, आणि दीड वर्ष गप्प होती. चाळणीच्या लेखी एवढं खोटं खातं त्या यादीत दुसरं नसेल. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. पण इथे काडी तिनेच लावली होती, आणि लावण्याआधी नीट पाहिलंही नव्हतं.

तिने घाईघाईने आईच्या खात्यावरचा ब्लॉक काढला. कुंडीचा फोटो परत आला. शब्द आले नाहीत. एकदा ब्लॉक केलं की लिहिलेलं परत येत नाही, हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना बजावत असे.

"बाबा," ती म्हणाली. "ती माणसं मीच विकत आणली होती. तुम्ही रोज सकाळी बघायचात ना, मला वाटलं आकडा बघता."

"आकडा?" वडिलांना खरोखरच कळलं नाही.

मग मात्र तिला रडू आवरेना. वडील उठले नाहीत, रागावलेही नाहीत.

"आईचा फोन कपाटात आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "चार्ज केला की चालू होईल. मला बरंच आठवतंय. तिच्या खात्यावरून सगळं परत टाकते."

"कोण लिहील?"

"मी."

वडिलांनी एक वेत पाण्यातून काढला, बोटांत धरून वाकवून पाहिला.

"नको."

"मग तुमच्याही ओळी काढू का? नवीन माणसाला वाटेल, हे स्वतःशीच बोलतायत."

"त्या राहू देत. मी खरंच बोललो होतो."

त्यांनी फोन मागून घेतला आणि समोरच्या अर्धवट विणलेल्या खुर्चीवर टेकवून ठेवला. ते थोडं थांबले.

"हो, निघतोच," त्यांनी हळू आवाजात वाचलं.

वेत एका भोकातून वर आला. ते पुन्हा थांबले, या वेळी बराच वेळ. आईला थोडक्यात लिहिणं कधी जमायचं नाही.

"नाही गं," ते म्हणाले, "तिरपी फेरी राहिलीय अजून."