जोडायची राहिलेली चार मिनिटं

डबा उघडताना काडेपेटी लांब ठेवा बरं! मी चार मिनिटांची फिल्म आहे, जुनी आणि चटकन पेट घेणारी. त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला असतो.

माझा जन्म एका जर्मन मूकपटात झाला. कारखान्यात बनवलेल्या सूर्याची गोष्ट होती ती. तो मावळतच नाही, म्हणून कामगारांना सुट्टीही नाही. शेवटी तो विझतो. कोण विझवतं, ते फक्त माझ्यात आहे: सूर्य बनवणाऱ्या इंजिनियरची आई. शहर पुठ्ठ्याचं आणि सूर्य पत्र्याचा, पण तिचा पुढे सरकणारा हात पाहून प्रेक्षक श्वास रोखून धरायचे.

इथल्या एका थिएटरच्या मालकाला मात्र खेळ लांबलेला खपेना. "चार मिनिटं उडव. परत पाठवताना जोडून टाक," तो ऑपरेटरला म्हणाला. अशी कापाकापी तेव्हा सर्रास चाले. ऑपरेटरने मला कापलं, खिळ्याला टांगलं आणि पाठवायच्या गडबडीत जोडायला साफ विसरला. पुढे जगात त्या चित्रपटाची ती कापलेली एकच प्रत उरली. सूर्य आपोआप बिघडला, असंच सगळे समजत राहिले.

नोकरी जाईल म्हणून ऑपरेटरने हे कुणाला सांगितलं नाही. डब्यावर 'जोडायचे आहे' अशी चिठ्ठी डकवून त्याने मला न्हाणीघरात, पाण्याच्या पिंपामागे गारव्याला ठेवलं.

"घर पेटवायचंय का?" बायको करवादायची.

"अगं, चूक माझी आहे. टाकून कशी देऊ?"

डबा तापला तर नाही ना, हे तो रोज हात लावून बघायचा. मी मात्र ओलीने चिकट होत गेले.

तो गेला. परवा त्याची लेक, आता स्वतःच आजी झालेली, मला फिल्म दुरुस्त करणाऱ्या ताईंकडे घेऊन आली. पिशवी काही तिच्या हातून सुटेना.

"माझ्या बाबांना चोर तर नाही ना म्हणणार कुणी?"

ताईंनी झाकण उघडून वास घेतला; मी कुजू लागले होते. त्यांचा चेहराच उतरला. "आजी, आधी ही वाचते का बघू. चित्रं कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या यंत्रातून एकदाच जाईल. तुटली तर संपलं."

माझी तर गाळणच उडाली. ताईंनी आठवडाभर माझ्या कडांची फाटकी भोकं चिकटवली. मग यंत्र सुरू झालं. तिसऱ्या मिनिटाला मी करकरले.

"थांब गं बाई, जरा दम धर," ताई मला म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी यंत्र हळू केलं आणि मी एकदाची पार पडले.

मग ताईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रपटातली ती तुटलेली जागा दाखवली. "बाबांचं राहिलेलं काम तुम्हीच करा. ही कळ दाबा."

आजींनी दाबली. पडद्यावर इंजिनियरच्या आईने हात पुढे केला. सूर्य विझला.

"जोडलं हो, बाबा," म्हणत आजी हमसून रडू लागल्या.

आता मी थंड खोलीत आहे. हळूहळू माझी भुकटी होणार, याची भीती अजून वाटतेच. मला बघायचं तर पडद्यावर बघा, पण डबा उघडू नका. त्याच्यावरची चिठ्ठी ताईंनी काढली नाही. 'जोडायचे आहे'च्या खाली त्यांनी फक्त तारीख लिहिली आणि आजींची सही घेतली.