कोंबडीचं तात्पर्य

प्रभाताईंना जर्मनीत, येनाला मुलाकडे येऊन दोन महिने झाले होते आणि सुनेशी त्यांचं अजून एकदाही वाजलं नव्हतं. वाजलं ते एका कोंबडीवरून.

ही कोंबडी त्यांच्या आईची. आई म्हणजे वासंतीबाई चौबळ. मुलांसाठी वेगळं काही लिहायचं असतं हेच भल्याभल्यांना पटत नव्हतं, त्या काळात बाईंनी मिरजेत बसून, पोळ्या लाटता लाटता म्हणा ना, गोष्टी लिहिल्या. एस.टी. नुकतीच सुरू झाली तेव्हा त्यांनी तिच्यात एक कोंबडी बसवली. खुराड्याला कंटाळलेली ही बया कंडक्टरला चकवून थेट खिडकीपाशी बसते आणि शेजारच्या आजोबांना येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव विचारून भंडावून सोडते. आई गेल्यावर पुस्तकांची राखण प्रभाताईंकडे आली. ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून केली. संपादकाने स्वल्पविराम हलवला तरी यांचा फोन गेलाच म्हणून समजा.

नातीच्या, अन्वीच्या, शाळेत फोरलेझटाग होता, म्हणजे मोठ्यांनी वर्गात येऊन गोष्ट वाचून दाखवायचा दिवस. प्रभाताईंनी एक पान मराठीत वाचायचं, तेच अन्वीने जर्मनमध्ये, असं ठरलं. सुनेने, नीताने, भाषांतर झकास केलं. शेवटाशी मात्र ती अडली.

“आई, हे तात्पर्य गाळूया का? आल्झो, म्हणजे हे, ‘न विचारता घर सोडणाऱ्याची अखेर वाईटच होते.’ इथली मुलं बोअर होतील हो. अन्वीला उगाच ऑकवर्ड होईल.”

“एक अक्षर गाळायचं नाही. माझ्या आईचं आहे ते.”

“पण कोंबडीचं वाईट कुठे होतंय? ती तर मजेत बसलीये.”

“माझ्या आईला कळत नव्हतं, असं म्हणायचंय का तुला?”

नीताने तात्पर्याचंही भाषांतर केलं. अन्वीने ते वाचून नाक मुरडलं आणि वर्ग हसेल, असं जर्मनमध्ये बजावलं. प्रभाताईंनाही आतून धाकधूक होतीच. आईला इथे कुणी ऐकून घेतलं नाही तर?

वर्गात मुलं गालिच्यावर मांड्या घालून बसली होती. कोंबडी एस.टी.त चढली आणि खसखस पिकली. आजोबांना तिने सहाव्यांदा गावाचं नाव विचारलं तेव्हा एक मुलगी हसून हसून आडवी झाली. पुण्यापलीकडे कधी न गेलेली आपली आई इथे येनात मुलांना हसवते आहे, हे पाहून प्रभाताईंचा ऊर भरून आला. शेवटच्या पानावर गाडी घाट उतरते, आजोबा घोरू लागतात आणि कोंबडी विचारते, “आता पुढचं गाव कुठलं?” तिथे गोष्ट संपते. खाली रेघ आणि रेघेखाली तात्पर्य.

अन्वीने ती शेवटची ओळ जर्मनमध्ये वाचली आणि प्रभाताई तात्पर्य वाचणार इतक्यात वर्गात जुंपली. कोंबडी उतरली कुठे? अन्वी कानात सांगत होती, एक म्हणतो समुद्राकाठी, दुसरी म्हणते उतरलीच नाही. अगदी हेच भांडण प्रभाताई आणि त्यांची चुलत भावंडं करायची. आणि आई? आई याच ओळीवर पुस्तक मिटून दूध बघायला उठायची.

दर वेळी. याच ओळीवर.

तात्पर्य आईच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्याशिवाय शाळा पुस्तकं घेत नाहीत म्हणून प्रकाशकाने प्रत्येक गोष्टीखाली ते चिकटवल्याचा किस्सा आईच हसत सांगायची. पण छापलं ते आईचं, असं धरून प्रभाताई इतकी वर्षं प्रकाशकाच्या वाक्याला जपत आल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

शेजारी अन्वी कागद धरून तयार होती. प्रभाताईंनी तिच्या कागदावर हात ठेवला.

“राहू दे गं. संपली गोष्ट.”

“विर्कलिश?” अन्वीला खरं वाटेना.

“गेनाऊ,” प्रभाताई म्हणाल्या. ‘अगदी बरोबर’साठीचा एवढा एक जर्मन शब्द त्यांनी दोन महिन्यांत उचलला होता.

अन्वीचा चेहरा उजळला. तेवढ्यात मघाच्या हसऱ्या मुलीने हात वर करून काहीतरी विचारलं. अन्वीने अडखळत ते मराठीत आणलं. “आज्जी, ती विचारते, तुझ्या आईला माहीत होतं का, कोंबडी कुठे उतरली?”

“नाही,” प्रभाताई म्हणाल्या. “ती आम्हालाच विचारायची.”